डावी बाजू दम धरत नाही

स्किड स्टीअर लोडरला स्टिअरिंग नसतं. चारही चाकं सरळ दिशेला घट्ट बसवलेली असतात, त्यांतलं एकही डावी-उजवीकडे वळत नाही. डावीकडे जायचं असेल तर डावी दोन चाकं हळू आणि उजवी दोन जोरात फिरवायची. मग मशीन टायर घासत, जमीन खरवडत वळतं. जागच्या जागी गोल फिरायचं तर एक बाजू पुढे आणि दुसरी मागे. चालणं आणि वळणं ही दोन्ही कामं एकाच ड्राइव्हवर. त्यामुळे ड्राइव्हमध्ये थोडं जरी बिनसलं तरी ते ऑपरेटरच्या हाताला सगळ्यात आधी कळतं, आणि मेकॅनिक त्याच्याशी नीट बोलला तर निम्मं काम पाना उचलण्याआधीच होतं.

मी पेणला राहतो, अशा मशीनच्या हायड्रॉलिकची कामं करतो. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, रोहा आणि धाटावची एमआयडीसी हा माझा नेहमीचा पट्टा. इथे या मशीनला सगळे बॉबकॅटच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. जिथे जेसीबीची मान शिरत नाही तिथे हे जातं. कन्व्हेयरखाली सांडलेला माल, गोदामाचा कोपरा, शेडच्या दोन खांबांमधली जागा. धरमतरच्या खाडीत बार्जमधून कोळसा आणि लोहखनिज उतरतं, तशा धक्क्यांवर बार्जच्या तळाशी उरलेला माल गोळा करायला हेच मशीन क्रेनने खाली सोडतात. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळात गटारांच्या आणि साइडपट्टीच्या कामांवर ही छोटी मशीनं भाड्याने फिरायला लागली. भाडं तासावर असतं. मशीन उभं राहिलं की मालकाचा जीव टांगणीला लागतो, आणि त्या घाईत जो निर्णय होतो तो बहुतेक वेळा महागातला असतो.

फोन येतो तो एवढाच: ‘मिस्त्री, मशीन चालत नाय.’ मी लगेच निघत नाही. आधी विचारतो, एक बाजू की दोन्ही? मग विचारतो, पुढे जाताना की मागे येतानाही? आणि तिसरं, सकाळपासून की गरम झाल्यावर? या तीन उत्तरांवर पेणहून निघताना गाडीत काय टाकायचं ते ठरतं.

असं का, ते मशीनच्या पोटात डोकावल्याशिवाय कळणार नाही. इंजिनला जोडून, एकाच कपलिंगवर, एकामागे एक असे दोन पंप असतात, या जोडीला टँडम पंप म्हणतात. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. पंपाच्या आत एक कलणारी चकती असते, तिला स्वॉश प्लेट म्हणतात. त्या बाजूचा लिव्हर मधोमध असला की चकती सरळ उभी. पंप फिरतो पण तेल ढकलत नाही. लिव्हर पुढे नेला की चकती कलते, पिस्टन आतबाहेर होऊ लागतात आणि तेल निघतं. मागे ओढला की चकती उलटी कलते, तेलही उलट्या दिशेने वाहतं. हे तेल जाड होजमधून त्या बाजूच्या मोटरकडे जातं, तिला फिरवतं आणि टाकीत न जाता सरळ पंपाकडे परत येतं. मोटरच्या शाफ्टवर दातेरी चाक असतं, त्यावरून दोन चेन निघतात, एक पुढच्या ॲक्सलला, एक मागच्या. या चेन तेल भरलेल्या बंद पेटीत फिरतात, तिला चेन केस म्हणायचं. पंप आणि मोटर यांच्या आत थोडं तेल कायम झिरपत असतं, ते झिरपायलाच हवं, नाहीतर भाग सुके पडतील. ते झिरपलेलं तेल केस ड्रेनच्या बारीक होजमधून टाकीकडे जातं, आणि बंद फेऱ्यात पडलेली तूट भरून काढायला तिसरा छोटा पंप असतो, चार्ज पंप. तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी तेल पुरवतो, साधारण २० ते २५ बार प्रेशरने. मुख्य फेऱ्यातलं प्रेशर मात्र भार आला की ३०० बारच्या पुढे जातं.

आता पहिला प्रश्न पुन्हा बघा. दोन्ही बाजू एकदम मेल्या तर दोन पंप किंवा दोन मोटर एकाच दिवशी गेल्या असण्याची शक्यता फार कमी. जे दोघांना सामाईक आहे तिथे बघायचं: टाकीतलं तेल, फिल्टर, सक्शनचा होज, चार्ज प्रेशर, कपलिंग, पार्किंग ब्रेक. एकच बाजू मेली तर सामाईक गोष्टी बऱ्याचशा सुटल्या, त्या बाजूचा पंप, मोटर, लिव्हरची जोडणी आणि चेन एवढंच उरलं. दुसरा प्रश्न आणखी बारीक. पुढे जाताना दम नाही पण मागे येताना पूर्ण ताकद, असं असेल तर पंप आणि मोटर दोन्ही ठीक असण्याची शक्यता जास्त, कारण दोन दिशांना दोन वेगळे रिलीफ व्हॉल्व्ह असतात. त्यांतल्या एकात बारीक कचरा अडकला की एकच दिशा जाते. असा व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या दिशेच्या व्हॉल्व्हशी अदलाबदल केली आणि दोषही दिशा बदलून बसला, तर शोध संपला. पैसा खर्च झाला तो फक्त ओ-रिंगचा.

दोन्ही बाजूंचं एक उदाहरण खारेपाटातलं. पेणच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधाला लागून एका कामावर मशीन उभं होतं. इंजिन झकास, आर्म वर-खाली होतो, बकेट हलते, पण चाकं जागची हलत नाहीत. मालकाला कुणीतरी पंपाचं कपलिंग तुटल्याचं सांगितलं होतं. आर्मचा गिअर पंप त्याच रांगेत शेवटी बसलेला होता. कपलिंग तुटलं असतं तर आर्मही उठला नसता. चाकं अगदी पूर्ण अडलेली होती, लिव्हर दाबला की इंजिन किंचित दबत होतं. म्हणजे तेल जोर लावत होतं आणि ब्रेक सुटत नव्हता. सीटवर माणूस बसला आणि समोरचा दांडा खाली घेतला की ब्रेकच्या सोलेनॉइडला करंट मिळून ब्रेक सुटायला हवा. सीटखालचा कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवा गंज. मीटरवर बॅटरीला साडेबारा व्होल्ट आणि सोलेनॉइडजवळ जेमतेम आठ. खाऱ्या वाऱ्यात तांब्याचं हे असंच होतं. पिना घासल्या, एक बदलली, वर ग्रीस भरलं, मशीन चाललं. या कामात मला वेळ लागला तो मालकाला पटवायला की आता कपलिंग उघडून बघायची गरज नाही.

पाण्याचा त्रास आणखी एका प्रकाराने होतो. जुलै २०२१ मध्ये महाडला सावित्रीचा पूर आला, त्यानंतर बुडालेली मशीनं दुरुस्तीला आमच्याकडे वरपर्यंत यायची. टाकीचं झाकण काढलं की तेल दुधाळ दिसायचं. पाणी मिसळलेलं तेल पंपात शिरलं की तो किंचाळल्यासारखा आवाज करतो आणि चाकं धक्के देत फिरतात. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बुडालं नाही तरी टाकीच्या ब्रीदरमधून दमट हवा आत जातच राहते. अशा तेलात नुसता फिल्टर बदलून काही होत नाही. तेल पूर्ण काढावं लागतं, कूलर आणि होजमधलंही.

या यंत्राचा जन्मच ड्राइव्हच्या कटकटीतून झालेला आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या गावी सिरिल आणि लुई केलर या भावांचं वर्कशॉप होतं. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला दुमजली कोंबडवाड्यातली विष्ठा काढायला, खांबांमधून फिरेल इतकं लहान आणि वरच्या मजल्यावर नेता येईल इतकं हलकं मशीन हवं होतं. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला ते दिलं, पुढे दोन चाकं आणि मागे एक गिरकी घेणारं लहान चाक. पहिल्या मशीनमध्ये ड्राइव्ह पट्ट्यांची आणि पुलींची होती. ती घसरायची, तुटायची, म्हणून केलर बंधूंनी क्लचची वेगळी रचना शोधली. पुढे मेलरो कंपनीने ते बनवायला घेतलं आणि १९६० मध्ये चार चाकांचं मशीन आलं. हायड्रोस्टॅटिक पंप-मोटर त्याच्याही नंतर आले. धाटावला शेडमध्ये खांबांच्या मधून वळणारं मशीन बघताना मला त्या कोंबडवाड्याची आठवण होते. अडचण तीच आहे, जागा बदलली.

धाटावचं प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. रोह्याला गावाला लागून कुंडलिका वाहते आणि पलीकडे एमआयडीसीतले केमिकलचे कारखाने. त्यांतल्या एका ठिकाणी ठेकेदाराचं मशीन होतं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं, रॅम्पवरून पावडरसारखा कच्चा माल वर चढवायचं. शेठचा फोन आला तोच मुळी विचारायला नव्हता. ‘पंप गेलाय, कोटेशन आलंय, पंप आला की तुम्ही बसवून द्या.’ टँडम पंपाचं कोटेशन लाखांत होतं. मी विचारलं, पंप गेला हे कुणी तपासलं? कुणीच नाही. डावी बाजू ओढत नाही, म्हणून पंप. मी म्हटलं, शेठ, ऑर्डर देण्याआधी मला एकदा मशीन बघू द्या.

ऑपरेटर माणगावकडचा होता, वयाने माझ्याहून मोठा. त्याला बाजूला घेऊन बसलो. त्याने जे सांगितलं ते कुठल्याही मॅन्युअलपेक्षा कामाचं होतं. ‘सकाळी दोन तास काही नाही. मग रॅम्पवर भरलेली बकेट घेऊन चढायला गेलो की डावीकडे ओढतं. मला उजवा लिव्हर सोडावा लागतो, नाहीतर भिंतीला जाऊन लागंल. मागे येतानाही तसंच. जेवायच्या सुट्टीनंतर जरा बरं, मग पुन्हा तेच.’ शेवटी जाता जाता म्हणाला, ‘आणि तेल खातंय. दर आठवड्याला टाकतो, पण खाली एक थेंब पडत नाय.’

या शेवटच्या वाक्याने माझे कान टवकारले. हायड्रॉलिक तेल इंजिन ऑइलसारखं जळून जात नाही. बाहेर पडत नसेल तर आत कुठेतरी जात असणार.

तरी क्रम सोडला नाही. आधी टायर. स्किड स्टीअरमध्ये एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला घासलेले टायर टाकले की मशीन सरळ जात नाही, आणि लोक पंपाला दोष देतात. दोरा गुंडाळून चारही टायरचा घेर मोजला, हवा बघितली, फरक नगण्य. मग मशीनखाली जॅक लावून जाड लाकडी ठोकळ्यांवर उचललं, चाकं हवेत. इंजिन बंद, ब्रेक सोडून प्रत्येक चाक हाताने मागेपुढे हलवलं. चेन सैल झाली असेल तर चाक बरंच फिरून मग ‘खट्’ करून अडतं. इथे डावी-उजवी सारखीच होती. बेअरिंगमध्येही खडखड नाही.

मग बकेट जमिनीला टेकवून, आर्म खाली ठेवून केबिन मागे उलटवली. आर्म वर ठेवून खाली हात घालायचा असेल तर सिलिंडरला स्टॉपर लावल्याशिवाय मी घालत नाही, आणि कुणाला घालूही देत नाही. हेल्परला बॅटरी धरायला सांगितली आणि मी पंपाच्या कडेला आलेले लिव्हरचे दांडे बघितले. हाताने दोन्ही पूर्ण ढकलले. दोन्ही सारख्याच ठिकाणी जाऊन टेकत होते. कधीकधी एक बोल्ट सैल होऊन पंपाला पूर्ण स्ट्रोक मिळत नाही आणि ती बाजू मंद पडते. इथे तसं नव्हतं.

आता गेज. चार्ज प्रेशरच्या टेस्ट पॉइंटला लांब होज लावून गेज बाहेर काढलं, कारण केबिन उघडी ठेवून मशीन चालवता येत नाही आणि चालवूही नये. केबिन परत खाली बसवली. थंड तेलावर फुल रेसला २४ बार. चांगलं. पण तक्रार गरम झाल्यावरची होती, म्हणून ऑपरेटरला म्हटलं, तू तुझं नेहमीचं काम कर, जसं रोज करतोस तसं. तासाभराने तेल तापलं, तो म्हणाला, आता धरलं बघा. यार्डातल्या काँक्रीटच्या भिंतीला बकेट टेकवून, आजूबाजूची माणसं लांब करून, एकेक बाजू भारावर घेतली, दोन-तीन सेकंदांहून जास्त नाही. उजवा लिव्हर दाबला, काटा २२ वरून २१ वर आला. डावा दाबला तर सरळ १४ वर. लिव्हर सोडला की परत २२.

काट्याची ही हालचाल मी शेठला बोलावून दाखवली. चार्ज पंप ठीक आहे, कारण भार नसताना तो पूर्ण प्रेशर देतोय. उजव्या बाजूला भार दिला तरी देतोय. डाव्या बाजूला भार आला की मात्र फेऱ्यातलं तेल इतकं निसटतंय की चार्ज पंपाला ती तूट भरता येत नाही. तापलेलं तेल पातळ होतं, म्हणून सकाळी हे दिसत नाही. सकाळचं तेल काकवीसारखं, दुपारचं पाण्यासारखं. झिजलेल्या फटीतून दुसरं पटकन निसटतं. एवढं कळलं. पण निसटतंय पंपात की मोटरमध्ये, हे गेज सांगत नाही. शेठ म्हणाला, ‘मग पंपच ना?’ मी म्हटलं, अर्धी शक्यता पंपाची आहे, आणि अर्ध्या शक्यतेवर लाख रुपये लावू नका.

दोन्हींतला फरक करायची एक जुनी पद्धत आहे. डाव्या पंपाचे होज उजव्या मोटरला आणि उजव्याचे डाव्या मोटरला जोडायचे. दोष पंपात असेल तर तो पंपाबरोबर उजवीकडे जाईल. मोटरमध्ये असेल तर डावीकडेच राहील. होज पुरत नव्हते. हेल्पर पेणला जाऊन क्रिम्पिंगच्या दुकानातून नवे लांब होज बनवून घेऊन आला, चार वायरचे; या प्रेशरला साधा दोन वायरचा होज लावणं म्हणजे शेजारी उभ्या माणसाचा जीव धोक्यात घालणं. जोड उघडताना प्रत्येक तोंडाला लगेच स्वच्छ बूच लावलं. यार्डात हवेत पावडर उडत होती, तिचा चिमूटभर कण आत गेला तरी पुढच्या महिन्यात हेच पुन्हा करावं लागलं असतं. जोडल्यावर गळती बघायला कधी हात फिरवायचा नाही. सुईएवढ्या भोकातून निघणारं तेल कातडी भेदून आत शिरतं, बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवायचा, डाग पडला तर तिथे गळती.

होज बदलल्यावर मशीनचे लिव्हर उलटे होतात, डावा दाबला की उजवी चाकं फिरतात. म्हणून चालवायचं नाही, फक्त त्याच भिंतीला टेकवून पुन्हा तीच परीक्षा. मीच सीटवर बसलो. उजवा लिव्हर दाबला, म्हणजे उजव्या, चांगल्या पंपाचं तेल डाव्या मोटरला. काटा १४ वर. डावा लिव्हर दाबला, म्हणजे ज्या पंपावर आरोप होता त्याचं तेल उजव्या मोटरला. काटा २१ वर, आणि उजवी चाकं जमिनीत रुतून फिरायला लागली.

पंप निर्दोष होता. शेठ काही बोलला नाही, खिशातून फोन काढून बाजूला गेला आणि कोटेशनवाल्याला थांबायला सांगितलं.

आता ऑपरेटरच्या त्या वाक्याकडे. या मशीनमध्ये दोन बाजूंच्या चेन केस वेगळ्या आहेत. उजव्या बाजूचा लेव्हल प्लग उघडला तर तेल भोकाच्या काठाशी, जसं असायला हवं तसं, दाट आणि काळपट. डाव्या बाजूचा प्लग दोन आटे ढिला केल्याबरोबर तेलाने उडी घेतली. ट्रे भरला, दुसरा लावला. बोटांत घेऊन चोळलं तर पातळ, सरसरीत. चेन केसमधल्या तेलाला हायड्रॉलिक तेलाचा वास. आठवड्याला टाकलेलं सगळं तेल इथे जमत होतं. मोटरच्या शाफ्टचं सील गेलं होतं आणि मोटरच्या पोटातलं तेल शाफ्टवरून सरकत चेन केसमध्ये उतरत होतं. जमिनीवर थेंब कुठून पडणार?

इथे थांबून नुसतं सील बदलता आलं असतं, आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ते सील सहज मिळतं. पण सील आपणहून फाटत नाही. मोटरच्या केस ड्रेनचा होज सोडून तोंड बादलीत धरलं, तेल गरम असतानाच, आणि डाव्या बाजूला क्षणभर भार दिला. बारीक धार यायला हवी होती. आली ती नळ पूर्ण सोडल्यासारखी. आत इतकं तेल झिरपत होतं की ड्रेनच्या बारीक होजमधून ते निघून जाऊ शकत नव्हतं, मोटरच्या पोटात प्रेशर वाढत होतं आणि ते सील फाडून बाहेर पडत होतं. नवं सील महिनाभर टिकलं असतं, मग पुन्हा तेच.

मोटर उतरवली. ती हलकी वस्तू नाही, चेन सोडून, चेनब्लॉक लावून, दोघांनी मिळून बाहेर काढली. पेणला आणून टेबलावर स्वच्छ कापडावर उघडली. पिस्टन आणि रोलर बरे होते. मोटरमध्ये एक चकती असते, ती फिरता फिरता कुठल्या पिस्टनला तेल द्यायचं आणि कुठल्याकडून परत घ्यायचं ते ठरवते. तिचा पृष्ठभाग आरशासारखा हवा. तिच्यावर नखाला लागतील इतक्या खोल गोल रेघा होत्या. दाबाचं तेल त्या रेघांतून सरळ मोटरच्या पोटात निसटत होतं. मग हायड्रॉलिकचा फिल्टर हॅकसॉने कापला आणि कागदाच्या घड्या उन्हात उलगडून बघितल्या. चुंबक फिरवला, लोखंडाचा जेमतेम चूर. पितळी चमक शोधली, कारण पंपाच्या पिस्टनच्या बुटांना ब्राँझचं अस्तर असतं आणि ते झिजलं की फिल्टरमध्ये सोनेरी भुकटी दिसते. ती नव्हती. पंपाला क्लीन चिट मिळाली ती गेजवरून आणि आता फिल्टरवरूनही. घड्यांत करडी, खरखरीत पावडर मात्र भरलेली होती. चिमटीत घेतली तर रॅम्पवर उडणारीच.

ती आत कशी गेली हे शोधायला दूर जावं लागलं नाही. टाकीच्या झाकणावरचा ब्रीदर पावडरने बुजलेला होता आणि त्याचं रबर चिरलेलं. दर आठवड्याला तेल टाकायला वापरलेलं कॅन शेडच्या कोपऱ्यात उघडंच असायचं. गळतीमुळे तेल टाकावं लागत होतं, तेलाबरोबर पावडर आत जात होती, पावडरीने चकती घासली जात होती, त्याने गळती वाढत होती. ऑपरेटरचा यात काडीचा दोष नाही. तेल कमी दिसलं की टाकायचं एवढंच त्याला सांगितलेलं होतं, आणि तो ते चोख करत होता.

हेल्पर पेणहून दिवा गाडीने जाऊन, पुढे मस्जिदला उतरून नागदेवीहून सील किट घेऊन आला. चकतीची जोडी नवी मागवावी लागली. घासून वापरता येते असं सांगणारे भेटतात, पण इतक्या खोल रेघांवर ते मला पटत नाही. सगळं मिळून जो खर्च आला तो पंपाच्या कोटेशनच्या लहानशा भागात बसला. मोटर बसवण्याआधी दोन्ही बाजूंचे होज, कूलर आणि टाकी धुऊन काढली. डाव्या चेन केसचं तेल पूर्ण काढून दाट तेल भरलं. नवा फिल्टर, नवा ब्रीदर. मोटरच्या पोटात हाताने स्वच्छ तेल भरलं, कारण कोरडी मोटर पहिल्याच मिनिटात स्वतःला खाते. होज आपापल्या जागी परत जोडले, चाकं हवेत ठेवून कमी रेसवर दोन्ही दिशांना हळूहळू फिरवली, हवा निघाली, तेल पुन्हा बघितलं. मग खाली उतरवून ऑपरेटरच्या हातात दिलं.

त्याने रॅम्प चढायच्या आधी यार्डात इंग्रजी आठचा आकडा काढला, एकदा पुढे जात, एकदा मागे येत. दोन्ही वळणं सारखी आली. त्याने तासभर काम केल्यावर पुन्हा भिंतीजवळ गेज लावलं. डावा लिव्हर दाबल्यावर काटा २१ वर राहिला.

उजवी मोटरही त्याच तेलावर तितकेच तास चाललेली आहे. तिचं केस ड्रेन मी त्याच दिवशी गरम तेलावर, त्याच रेसला मोजून ठेवलं. ते ठीक आहे, पण नव्या मोटरइतकं कमी नाही. दिवाळीच्या शटडाउनमध्ये ती उघडायचं शेठने मान्य केलंय. दोन्ही बाजूंचे आकडे, तारीख आणि अवरमीटरचं रीडिंग केबिनमध्ये आतल्या पत्र्यावर मार्करने लिहिलंय, म्हणजे पुढच्या वेळी मशीन बघायला मी आलो काय आणि दुसरा कुणी आला काय, तुलना करायला त्याच्या हाताशी काहीतरी असेल. तेलाचं कॅन आता ऑपरेटर झाकण लावून स्टोअरमध्ये ठेवतो, आणि किती टाकलं ते वहीत लिहितो. त्या पानावर मोटर बसवल्यापासून अजून एकही नोंद नाही.